अनुस्वार

नेट आलं की मी आधी तिचंच प्रकरण उघडतो.
कुरखेड्याच्या बसस्टँडमागं, झेरॉक्स आणि रिचार्जच्या मधे
साडेचार फुटांचं माझं सेवा केंद्र.
करिष्मा बाजीराव मेश्राम. बीएस्सी नर्सिंग, पहिलं वर्ष.
सद्यस्थिती: त्रुटी.

त्रुटी मंजे का, तिच्या मायनं विचारलं होतं.
मी म्हटलं, काहीतरी कमी आहे.
"आमच्याकडं तं सगळाच कमी हाये बाबू,
त्याहीले नेमका कोनता पायजे?"

आजोबाच्या जन्माची नोंद सापडली,
कोतवाल बुकात, सन एकोणीसशे अडतीस.
मुलगा एक. बापाचं नाव पैकू. जात गो,
त्यावर एक ठिपका,
आणि पुढचं पान वाळवीच्या पोटात.
ठिपका अनुस्वार असेल तर गोंड.
माशीनं केलेला असेल तर गोवारी, गोपाळ, काहीही,
साहेब म्हणाले.
वाळवीचा जबाब घ्यायची सोय अर्जात नाही.

सुनावणीला मी सोबत गेलो, गडचिरोलीला.
पहाटेची बस. तिच्या मांडीवर
पिवळ्या पिशवीत चोवीस सत्यप्रती,
त्यावर भाकरीचा डबा, प्रती उडू नयेत म्हणून.

किती देवांचे तुम्ही?
लग्नाच्या मांडवात खांब कोणत्या लाकडाचा?
माणूस गेला की डोकं कोणीकडं ठेवता?

पहिलीत तिनं पाण्याला येर म्हटलं
म्हणून आश्रमशाळेच्या सरांनी
दुपारभर बाकावर उभी केली होती.
बारा वर्षं लागली तिला ते शब्द तोंडातून घालवायला.
आता तेच शासनाला हवे होते,
तोंडपाठ, दोन साक्षीदारांसह.

ती बोलली. अडखळत.
सात देवांपाशी आली तेव्हा
पायातली चप्पल काढून खुर्चीखाली सारली,
मग नावं घेतली.
हे टिपणीत कुठं आलं नाही.

आणि साहेबांनी माझ्याकडं पाहिलं.
"तुम्ही कोण? मेश्राम? म्हणजे हिचे भाऊ?"
नाही साहेब. आम्ही बौद्ध.
आडनाव तेवढं एक.
"हं," ते म्हणाले,
आणि लाल पेननं समासात काहीतरी लिहिलं.

मी बाहेर थांबलो असतो तर.
परतीच्या बसमध्ये आरमोरीपर्यंत हेच चाललं होतं डोक्यात.
ती खिडकीशी बसून हाडांची नावं पाठ करत होती,
मनगटात आठ असतात म्हणे.

माझीही टीसी ब्रम्हपुरीच्या कॉलेजात पडून आहे.
शिष्यवृत्तीचा हप्ता आला
तेव्हा मला सोडून दीड वर्ष झालं होतं,
बाबू म्हणाला, पैसे आले, पण तू तर विद्यार्थी नाहीस.
ते आता असू द्या.
माझ्या टेबलावर लोकांच्या पोरांचे पासवर्ड असतात,
एका जुन्या वहीत, पेन्सिलनं.
विसरतात बिचारे. मी विसरत नाही.

सहा महिन्यांत वैधता आणून देईन,
न दिल्यास माझा प्रवेश रद्द समजावा:
हे हमीपत्र मीच टाइप केलं.
वीस रुपये घेतले नाहीत, तर तिनं
मोहफुलं ठेवली काउंटरवर, वर्तमानपत्रात बांधून.
आता साडेपाच महिने झालेत.
"भाऊ, कवा येईन?"
हॉस्टेलवरून फोन करते, रविवारी, मेसच्या रांगेतून.
येईल म्हणतो. सर्व्हर डाउन आहे म्हणतो.
सर्व्हर चालूच असतो बहुतेकदा.

रात्री शटर अर्धं खाली ओढून
त्या पानाचा स्कॅन मी मोठा करत नेतो.
दोनशे टक्के. चारशे. आठशे.
ठिपका आधी तीळ, मग टोळंबीएवढा,
मग पडदाभर काळा, कडांना शाई झिरपलेली,
बोरूच्या टोकानं जरा रेटून दिलेला,
जसा लिहिणाऱ्याला खात्री असल्यावर देतात.

माशीला एवढी खात्री नसते, करिष्मा.

खिडकी मिटतो. नवा कागद घेतो.
प्रति, मा. सहआयुक्त.
विषयावर येतो आणि बराच वेळ
गो वर बोट ठेवून बसतो.